रक्तातले क्षार आणि फुलंब्री गाडीचा ड्रायव्हर

आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या टोळीत सध्या मॅग्नेशियमची साथ आहे. सुरुवात एका निवृत्त तहसीलदारांपासून झाली. त्यांच्या मुलानं अमेरिकेहून गोळ्यांची बाटली पाठवली आणि त्यांनी ती प्रसादासारखी चार जणांत वाटली. आता बाकावर बसल्यावर गुडघे, जावई आणि नळाला पाणी कधी येणार हे तीन विषय संपले, की मॅग्नेशियम निघतं. परवा त्यांनी मलाही विचारलं, "ताई, तुम्ही सुरू केलं का नाही?"

"कशासाठी?"

"हार्टला चांगलं असतं."

"तपासणीत कमी आलं होतं का तुमचं?"

"तपासायचं कशाला? चांगली गोष्ट कुणी तपासून घेतं का?"

चौतीस वर्षं मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर सत्कार तरी करतील नाहीतर नोटीस तरी पाठवतील, आणि या वयात मला दोन्ही सोसत नाही. त्यातली निम्मी वर्षं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या संगतीत गेली. पुस्तकात यांना खनिजं म्हणतात, वॉर्डात क्षार म्हणतात आणि नातेवाईक 'मिठाचा रिपोर्ट' म्हणतात. तिन्ही नावांना काम एकच.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. हृदय धडधडतं ते या क्षारांच्या ये-जा करण्यावर. पोटॅशियमचा मुक्काम पेशीच्या आत, सोडियमचा बाहेर. दारं उघडतात, मिटतात, आणि एक ठोका पडतो. झटका येऊन गेलेलं हृदय दुखावलेल्या माणसासारखं असतं. एरवी ज्याकडं दुर्लक्ष केलं असतं, त्यावरूनही ते बिथरतं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर ठोके वेडेवाकडे पळू लागतात. फार चढलं तर मंदावतात आणि थांबतातही. साडेतीन ते पाच, एवढीच गल्ली. त्या गल्लीतून आपण सगळे आयुष्यभर चालत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

मॅग्नेशियमचंही ऐका, नाहीतर तहसीलदार म्हणतील बाईनं पक्षपात केला. झटका आलेल्या एका रुग्णाला दोन दिवस सलाईनमधून पोटॅशियम देत होते आणि ते काही केल्या वर येत नव्हतं. जेवढं घालावं तेवढं लघवीवाटे निघून जायचं. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी मॅग्नेशियम तपासायची बुद्धी झाली. ते तळाला गेलेलं होतं. ते भरून काढलं तेव्हा पोटॅशियम थांबलं. म्हणजे मॅग्नेशियम कामाचं आहेच. पण आधी आकडा बघावा लागतो, बाटलीवरचं चित्र नाही.

मी कामाला लागले तेव्हा हे आकडे काढायचं यंत्र म्हणजे फ्लेम फोटोमीटर. गॅसची लहानशी ज्योत, तिच्यात पातळ केलेला रक्ताचा द्रव फवारायचा आणि ज्योतीला जो रंग येईल त्यावरून क्षार किती ते मोजायचं. या यंत्राचे धनी होते आमचे सीनियर तंत्रज्ञ रफिकभाई. ते त्या यंत्राला 'बुढिया' म्हणत. बुढियाच्या आसपास कुणी घामट बोटानं फिरलेलं त्यांना खपत नसे, कारण घामातलं मीठसुद्धा ज्योतीला कळायचं. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी निळ्या काचेचा एक तुकडा डोळ्यांपुढं धरायला देत.

"बघा म्याडम. आधी बिनकाचेचं बघा. काय दिसतं?"

"पिवळं."

"वो सोडियम. मोठा साहेब आहे तो. आला की दुसऱ्या कुणाला दिसू देत नाय. आता काच लावा."

काचेतून ज्योत जांभळी दिसली. अगदी फिकट, जांभळाचा रस पाण्यात पडावा तशी. "हे पोटॅशियम," रफिकभाई म्हणाले. "गरीब दिसतं. पण आदमी को मारता यही है."

पुढं नवं स्वयंचलित यंत्र आलं. त्याचं उद्घाटन झालं. मांडव, हार, फीत आणि यंत्रासमोर फोडलेला नारळ. भाषणात यंत्राला 'आरोग्यक्षेत्रातील क्रांती' म्हटलं गेलं तेव्हा क्रांतीची वायर अजून खोक्यात होती. पाहुणे गेल्यावर रफिकभाईंनी आधी फरशीवरचं नारळाचं पाणी ओल्या फडक्यानं तीनदा पुसून काढलं. मी हसले, तर म्हणाले, "हसो मत. यात पोटॅशियम किती असतं माहीत आहे का?" मला पुस्तकातून माहीत होतं. खऱ्या अर्थानं कळायला अजून वर्षभर होतं.

वीसेक वर्षं झाली असतील त्याला. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. हृदयविभागात रंगनाथ नावाचे एक रुग्ण होते. वय पंचावन्नच्या आसपास, एसटीत ड्रायव्हर. फुलंब्रीहून सकाळी शहरात येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी गाडी ते कितीतरी वर्षं चालवत होते. मोठा झटका येऊन गेला होता, पण धोक्याचे दिवस सरले होते आणि आठवड्याभरात घरी सोडायचं चाललं होतं. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, मूत्रपिंडंही जराशी थकलेली. अशा रुग्णाला हृदयावरचा ताण उतरवायला काही गोळ्या देतात. चांगल्या गोळ्या आहेत, पण त्यांचा एक स्वभाव असा, की त्या शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून त्याचं रक्त अधूनमधून आमच्याकडं यायचं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांचा नमुना लागला. पोटॅशियम सात पूर्णांक दोन.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण चूक तिथंच झाली. लाल रक्तपेशी पोटॅशियमनं भरलेल्या असतात. रक्त घाईनं ओढलं, सुईतून जोरात बाटलीत मारलं, तर पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. मग निरोगी माणसाचाही आकडा मरणाच्या दारातला येतो. ओळखायची खूण सोपी. पेशी खाली बसल्या की वर राहणारा द्रव एरवी गवती चहासारखा पिवळा दिसतो. पेशी फुटल्या असतील तर तो लालसर होतो. असे फुटके नमुने रोज इतके यायचे, की आम्ही रबरी शिक्काच करून घेतला होता: 'नमुना खराब. पुन्हा पाठवावा.' वॉर्डाची चूक वॉर्डाच्या पदरात टाकण्याचं समाधान त्या शिक्क्यात होतं. आम्ही तो जरा जोरातच मारायचो.

रंगनाथ यांच्या नमुन्यात लालीची किंचित झाक होती. अगदी किंचित. एवढ्याशा झाकेनं पोटॅशियम फार तर थोडंसं वाढेल. दोन-अडीचनं वाढणार नाही, हे मला माहीत होतं. पण समोर साठ नमुने होते आणि हात सवयीचे होते. मी शिक्का मारला.

वॉर्डात सिस्टर वैतागल्या. त्यांनी दुसरा नमुना औषधं वाटून, जेवण करून, सावकाश पाठवला. तो यायला दीड वाजला. द्रव स्वच्छ पिवळा. आकडा सात पूर्णांक पाच.

अडीच तास. ते मी अजून मोजते.

फोन केला. निवासी डॉक्टर गीते म्हणून एक तरुण मुलगी होती, हुशार आणि झोपेची उपाशी. ती म्हणाली, "मॅडम, पेशंट पलंगावर बसून गप्पा मारतोय. सात-पाच कसं असेल? सकाळी तुम्हीच नमुना खराब म्हणालात. मशीन तपासा ना एकदा."

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याच शिक्क्यानं आमची पत घालवली होती. रफिकभाई मागं उभे होते. त्यांनी कोपऱ्यातल्या बुढियावरचं कापड काढलं. "मशीनवर भरोसा नाय ना? मैं बुढिया पे लगाता हूं. तुम्ही वर जा. फोनवर कुणी मरत नाय आन् कुणी वाचत पण नाय."

मी हातात तीच बाटली घेऊन दोन मजले चढून गेले. गीतेला पिवळा द्रव दाखवला. "मला नको मानूस. पट्टी काढून बघ." तिनं हृदयाचा आलेख काढला. कागद यंत्रातून सरकत बाहेर आला आणि तिचा चेहरा बदलला. ज्या लाटा टेकडीसारख्या बसक्या असतात, त्या तंबूच्या बांबूसारख्या उभ्या ताठ झाल्या होत्या. तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजला. रफिकभाई. "बुढिया भी वही बोलती म्याडम. सात-चार."

मग धावपळ. हृदयाला सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, पोटॅशियम पेशीत परत ढकलायला इन्शुलिन आणि ग्लुकोज. एका क्षारानं घातलेला गोंधळ दुसऱ्या क्षारानं धरून ठेवायचा. रंगनाथ यांना यातलं काही कळत नव्हतं. ते मलाच म्हणाले, "मॅडम, झालं काय एवढं? मला तर काय बी होत नाय. हातापायात जरा जीव नाय वाटत, इतकंच."

मी पलंगाखाली बघितलं. तिथं शहाळी होती. सात रिकामी, चार भरलेली, एकात नळी तशीच.

"भाऊ, ही सगळी तुम्ही प्यालात?"

"आजची हायेत ही. कालची सिस्टरनं फेकली."

"आजची?"

"काय करावं मॅडम. गाडीत बसणारे समदे येऊन जातेत. मास्तर आले, बँकेतली पोरगी आली, दूधवाले आले. लई वर्षं झाली, ते रस्त्यात हात दाखवतेत आन् मी गाडी थांबवतो. आता ते हातात शहाळं धरून उभे. नाय कसं म्हणू? एक घोट तरी घ्या म्हणतेत, समोर उभं राहून संपवायला लावतेत."

शहाळ्याचं पाणी म्हणजे गोड चवीचं पोटॅशियम. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं ते सहज बाहेर टाकतात. रंगनाथ यांची मूत्रपिंडं थकलेली, आणि गोळ्यांनी दार लावून घेतलेलं. फुलंब्रीची अख्खी गाडी त्या दारातून आत शिरत होती, एकेक घोट.

गीतेनं गोळ्या थांबवल्या, शहाळी उचलायला लावली. संध्याकाळी आकडा साडेपाचवर आला. मी घरी जाऊन शांत झोपले. सकाळी सहा पूर्णांक तीन.

रफिकभाईंनी रिपोर्ट बघून दाढी खाजवली. "शहाळं बंद, गोळी बंद. फिर भी चढता. म्याडम, टिफिन देखो."

रंगनाथ यांच्या पत्नी सुमनबाई रोज पहिल्या गाडीनं फुलंब्रीहून डबा घेऊन यायच्या. नवऱ्याच्याच मार्गावरच्या, दुसऱ्या कुणी चालवलेल्या गाडीनं. मी वर गेले तेव्हा त्या ताट वाढत होत्या. मी विचारलं, "स्वयंपाकात मीठ घालता का?"

"छे छे मॅडम. मीठ बंद सांगितलंय ना डॉक्टरांनी." मग पिशवीत हात घालून त्यांनी एक पाकीट काढलं. चेहऱ्यावर अभिमान होता. "हे घालते. हार्टवाल्यांचं येगळं मीठ. गावात मिळंना, पुतण्याला शहरात पाठवलं. हे असलं की त्यांना चार घास जातेत, नायतर नुसतं ताट सरकवतेत. इथं बी एक पाकीट ठेवलंय, वरून घ्यायला."

पाकिटामागं बारीक अक्षरात घटक लिहिले होते. सोडियम कमी केलेलं. त्याच्या जागी पोटॅशियम.

हे मी गीतेला सांगतच होते, तेवढ्यात मोठ्या सरांचा राउंड आला. हृदयविभागाचे प्रमुख. राउंड म्हणजे पालखीच; पुढं सर, मागं डझनभर विद्यार्थी, त्यांच्या मागं फायली. सर विद्वान होते, हात चांगला होता, पण साधं वाक्य त्यांना समोर ऐकणारे असल्याशिवाय बोलता येत नसे. गीतेनं शहाळी आणि मीठ सांगितलं. सर विद्यार्थ्यांकडं वळले.

"ऐका. औषध आपण देतो आणि विष घरून येतं. अज्ञान. या देशात रोगापेक्षा नातेवाईक जास्त माणसं मारतात." मग सुमनबाईंकडं बघून, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे सगळं द्यायला?"

सुमनबाई उभ्याच होत्या. हातात भाजीचा चमचा. त्यांनी तो खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पिशवीच्या तळातून एक कागद काढला. लॅमिनेट करून घेतलेला. पाण्यानं खराब होऊ नये म्हणून.

"ह्यात लिहिलंय साहेब. मला वाचता येतं थोडं. पण पोरीकडून दोनदा वाचून घेतलं."

आमच्याच रुग्णालयाचा छापील कागद होता. 'हृदयरुग्णांसाठी आहार'. तिसरी ओळ: शहाळ्याचे पाणी भरपूर घ्यावे. पाचवी: साधे मीठ टाळून कमी सोडियमचे मीठ वापरावे. खाली सरांचं नाव, सगळ्या पदव्यांसकट.

सरांनी कागद वाचला. मग उलटून मागं काही आहे का ते पाहिलं. मागं काही नव्हतं. त्यांनी तो परत दिला, आणि राउंड पुढच्या पलंगाकडं गेला.

खरं सांगायचं तर कागद खोटा नव्हता. बऱ्याच हृदयरुग्णांना तो चालला असता. फक्त तो सगळ्यांसाठी छापला होता, आणि रंगनाथ एकटे होते. पुढच्या महिन्यात नवा कागद निघाला, त्यात 'डॉक्टरांना विचारूनच' अशी ओळ आली. माझ्या शिक्क्यासाठी कुणी नवी ओळ काढली नाही. तो मीच खणात टाकला. त्यानंतर सहाच्या वरचा आकडा आला की मी आधी फोन उचलायची, मग यंत्राकडं आणि वॉर्डाकडं संशयानं बघायची.

पण त्या सकाळी वॉर्डात सुमनबाई तशाच उभ्या होत्या. सर गेले, विद्यार्थी गेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की नवरा मरता मरता वाचला आणि ते त्यांच्या डब्यातून झालं.

"मीच विष घातलं व्हय मॅडम त्यांना?"

"तुम्ही कागदात होतं ते केलंत. आणि काल माझ्या हातूनही अडीच तास वाया गेले. तुमच्या आधी माझा नंबर लागतो."

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. त्या डब्याकडं बघत होत्या. "आता काय आणू उद्यापासून?"

"काही नाही. इथलंच जेवण द्यायचं. शहाळं नाही, डबा नाही, फळ नाही."

"मग येऊ कशाला?"

मला फक्त आकड्यांची उत्तरं यायची.

रंगनाथ त्यातून बाहेर आले. गाडी सुटली, पण डेपोत बसून करायचं काम मिळालं आणि नंतरची कितीतरी वर्षं ते तपासणीला आमच्या खिडकीशी येत राहिले. मला मात्र आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आकडा आदल्या संध्याकाळीच पाचाच्या आत आला होता, पण खात्रीचा नमुना मी स्वतः काढायचा ठरवलं होतं.

वॉर्डाच्या दारात सुमनबाई उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली. पहिल्या गाडीनं आल्या होत्या. म्हणजे तासभर तरी तिथंच असणार.

"आत का नाही गेलात?"

"मोकळ्या हातानं कशी जाऊ मॅडम? लग्न झाल्यापास्नं ते घराबाहेर पडले की डबा दिला मी. एक दिवस चुकला नाय. आज काय घेऊन बसू त्यांच्याजवळ?"

आतून रंगनाथ यांनी बघितलं. आवाज अजून बारीक होता, पण ड्रायव्हरचाच. "अगं ए, कामून दारात उभी? आत सरक. मागची लोकं खोळंबलीत."

मागं कुणी नव्हतं. मी होते. सुमनबाई आत गेल्या. रंगनाथ यांनी पाय आखडून पलंगावर जागा केली. त्या काठावर टेकल्या, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले. रंगनाथ यांनी त्यातला एक उचलून आपल्या डाव्या हातात घेतला.

मी सुई, बाटली, कापूस काढला. रक्त घेताना मूठ आवळली तर त्या हातातलं पोटॅशियम उगाच वाढून दिसतं, म्हणून आम्ही रुग्णाला नेहमी सांगतो, हात सैल सोडा. त्या दिवशी मी उजव्या हातातून रक्त घेतलं. डावा सैल सोडा म्हणण्यात काही अर्थ नव्हता.